मदत हवी आहे: लॉन्स-केटरिंगच्या धंद्यात श्रद्धेपोटी कुणाला 'नाही' म्हणता येतं? (नाशिक)

पंगतवाला

गंगापूर रोडला लॉन्स आहे, लागून स्वतःचा भटारखाना. स्वयंपाक पूर्ण शाकाहारी, अन्न परवानाही तेवढ्याचाच. घर माळकरी. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांची विचारणा सुरू झाली आहे आणि फाटकावरचा बोर्ड नव्याने रंगवायला द्यायचा आहे. त्याआधी हे नक्की करायचंय:

वलिम्यासाठी (निकाहानंतरच्या मेजवानीसाठी) जागा हवी, बिर्याणीचा आचारी आमचा, असं म्हणणाऱ्याला नकार देता येतो का? शाकाहारी जेवण चालेल पण निकाह किंवा बौद्ध पद्धतीचं लग्न लावायचंय, अशांचं काय? घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, जागा आपली, कार्यंही आपल्याच धर्माची व्हावीत. दारू नको आहे. प्रवेशद्वाराच्या फ्लेक्सवर किंवा केकवर देवादिकांची टिंगल करणारा मजकूर कुणी मागितला तर? आणि रोज संध्याकाळच्या आरतीला सगळ्या कामगारांनी उभं राहायचं, असा नियम करता येतो का? दोन वाढपी मुसलमान आहेत, एक आचारी ख्रिस्ती.

व्हॉट्सॲपवर फिरतंय की अमेरिकेत एका केकवाल्याने श्रद्धेसाठी ऑर्डर नाकारली आणि सुप्रीम कोर्टाने त्याची बाजू घेतली. ते आपल्याकडे चालतं का? 'वकील गाठा' सोडून काही सांगा, वकील गाठणारच आहे.

उंबरठा

जागा तुमची, कर तुम्ही भरता. संविधानाच्या कलम २५ प्रमाणे सद्सद्विवेकाचं आणि धर्माचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. भेदभाव करू नये हे बंधन सरकारवर असतं, खाजगी माणसावर नाही. ज्याला द्यायची त्याला द्या.

कलमदान

उंबरठा, यात दोन चुका आहेत आणि दोन्ही महागात पडणाऱ्या आहेत.

कलम १५ चा पहिला खंड राज्यसंस्थेला उद्देशून आहे, हे बरोबर. दुसऱ्या खंडात 'राज्य' हा शब्दच नाही. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, सार्वजनिक करमणुकीच्या जागा इथे केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही मज्जाव होता कामा नये, असं तो थेट सांगतो. ही बंदी खाजगी मालकालाही लागते. 'दुकान' म्हणजे गाळा आणि शटर एवढंच नाही. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी याचा खुलासा केला होता: शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे, सेवेच्या अटी मान्य असतील तर ती सेवा मागता आली पाहिजे, असा. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात हाच व्यापक अर्थ उचलून धरला. लॉन्स त्यात बसत नाही म्हणणारा वकील मिळेल, पण त्याच्या भरवशावर बोर्ड रंगवू नका.

दुसरी चूक कलम २५ बद्दलची. त्याची सुरुवातच 'सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि या भागातील इतर तरतुदींच्या अधीन राहून' अशी आहे. त्या 'इतर तरतुदीं'त १५(२) आहे आणि अस्पृश्यता संपवणारं १७ पण आहे. म्हणजे श्रद्धा विरुद्ध गिऱ्हाईक अशी गाठ पडली की श्रद्धा आधीच एक पायरी खाली उभी असते.

आता पंगतवाले, आंबेडकरांच्या खुलाशातले 'अटी मान्य असतील तर' हे शब्द परत वाचा. तुमची वाट तिथेच आहे. ताटात काय वाढायचं, आवारात काय आणू द्यायचं, ते तुम्ही ठरवा. समोर कोण बसणार, ते ठरवायला जाऊ नका. प्रत्येक विचारणेला एकच चाचणी लावा: हीच मागणी घरच्या पाहुण्याने केली असती तर हेच उत्तर दिलं असतं का?

बिर्याणीला दिलेला नकार या चाचणीत सहज पास होतो. मटण मराठ्यांच्या हळदीलाही नाही आणि वलिम्यालाही नाही, मग नकार पदार्थाला आहे. दारूचं तसंच. राज्य उत्पादन शुल्क विभागाने एक दिवसाचा परवाना दिला तरी जागामालकाने दारू चालू द्यावीच, असं बंधन त्यातून येत नाही. गडबड होते ती अपवादात. एका ओळखीच्या पार्टीला मागच्या बाजूला 'थोडं' चालवू दिलं, फोटो इन्स्टाग्रामवर गेले, आणि महिन्याने तोच नियम सांगून दुसऱ्या धर्माच्या कुटुंबाला परत पाठवलं. त्यानंतर तो नियम उरत नाही, निमित्त उरतं.

शाकाहारी निकाहाला मात्र नकार देऊ नका. लग्नासाठी जागा देणं हाच धंदा असेल तर 'लग्न चालेल पण त्यांच्या पद्धतीचं नाही' याचा अर्थ 'ते चालणार नाहीत' असाच होतो. विधीत तुम्ही भाग घ्यावा, असं कुणी सांगत नाही. तुमचं तुळशी वृंदावन आणि विठ्ठलाची मूर्ती झाकायचीही गरज नाही.

बौद्ध विवाहाचं वेगळं सांगतो, कारण तिथे प्रकरण दिवाणी राहत नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ चं कलम ६: अस्पृश्यतेच्या कारणावरून वस्तू विकायला किंवा सेवा द्यायला नकार दिला तर किमान एक महिना, कमाल सहा महिने कैद आणि वर दंड. गुन्हा दखलपात्र आहे. शिक्षा झाली तर त्याच धंद्याचा परवाना रद्द वा निलंबित करण्याची तरतूद कलम ८ मध्ये आहे. कलम १२ तर मालकाला हमखास ठाऊक नसतं. समोरचा अनुसूचित जातीचा असेल तर नकार अस्पृश्यतेपोटीच होता, असं न्यायालय गृहीत धरतं आणि तसं नव्हतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही १९९० पासून तो दर्जा आहे. तेव्हा 'आम्ही जात पाहत नाही, फक्त पद्धत वेगळी म्हणून' हे उत्तर त्या गृहीतकापुढे टिकणं अवघड. शिवाय ॲट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा आहेच. ज्या शहरात १९३० ला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह झाला, तिथे हे सांगावं लागतं, असो.

हळद_कुंकू_हॉल

कायदा वर आला, मी कागदाचं लिहिते. वाद बहुतेक कागदावर आणि फोनवर तयार होतात.

पहिल्या फोनला आडनाव, जात, गाव विचारू नका. तारीख, वेळ, माणसं किती, जेवण आपलं की नाही, एवढंच. लगेच अटी सांगा: 'आवारात मांसाहार नाही, मद्य नाही, बाहेरचा आचारी नाही.' मग मोबाईल क्रमांक घ्या. क्रम महत्त्वाचा. नाव ऐकल्यावर अटी आठवल्या, तर त्या नावामुळे आठवल्यासारख्या दिसतात.

सगळ्यात जास्त अडकवणारं वाक्य म्हणजे 'ती तारीख बुक आहे'. अर्ध्या तासाने त्याच कुटुंबातल्या कुणी दुसऱ्या आडनावाने फोन करून तीच तारीख मोकळी असल्याचं रेकॉर्ड केलं, की संपलं. नाही म्हणायचं तर खरं कारण सांगा. एक विचारणा वही ठेवा, पानांना छापील क्रमांक असलेली: तारीख, वेळ, मागितलेली तारीख, काय मागितलं, काय सांगितलं, का जमलं नाही. 'मटण हवं होतं, अट मान्य नाही' अशा नोंदी सगळ्या आडनावांपुढे दिसल्या, तर त्यासारखा पुरावा नाही.

दरपत्रक पाठवणं म्हणजे करार नाही. पण ॲडव्हान्स यूपीआयने आला आणि तुम्ही 'ओके, तारीख तुमची' लिहिलंत की करार झाला. नंतर वधूवरांची नावं पाहून पैसे परत केले तरी सुटका नाही. ऐनवेळी दुसरं महागडं कार्यालय घ्यावं लागलं तर त्या फरकाची भरपाई करार कायद्याच्या कलम ७३ खाली मागता येते, आणि ग्राहक आयोगातही जाता येतं. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कच नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला जायला काही लागत नाही. म्हणून अटींच्या कागदावर आधी सही, पैसे नंतर.

वयाचे दाखले मात्र सगळ्यांकडून घ्या, १८ आणि २१. बालविवाहाला साथ दिल्याबद्दल २००६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. दाखल्यावर धर्म कळतो, पण तोवर अटी ठरलेल्या असतात. आंतरधर्मीय जोडप्याकडून 'आईवडिलांचं संमतिपत्र' मागायची जी टूम निघाली आहे तिला कायद्याचा आधार नाही. विशेष विवाह कायद्याची ३० दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याकडे असते, हॉलवाल्याचा तिच्याशी संबंध नाही.

शिळोप्याचा_ओटा

समाजातलेच पंच 'अमक्याच्या लग्नाला जागा द्यायची नाही' म्हणतात, त्याला सामाजिक बहिष्काराचा कायदा लागतो ना? मग मुसलमानांना नाकारलं तरी तोच लागेल?

कलमदान

पहिल्याला लागतो, दुसऱ्याला नाही. महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा (अंमल ३ जुलै २०१७ पासून) एकाच समाजातल्या सदस्यांमधल्या बहिष्काराबद्दल आहे. जातीबाहेर लग्न केलं म्हणून पंचांनी वाळीत टाकलं आणि त्याच समाजातल्या लॉन्सवाल्याने पंचांचं ऐकून जागा नाकारली, तर तो अडकू शकतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परधर्मीयाला नाकारण्यासाठी हा कायदा नाही, तिथे १५(२). बोर्डावर 'अमक्या धर्माच्या लोकांनी येऊ नये' लिहिलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ चा, म्हणजे धर्माधर्मांत तेढ वाढवण्याचा विचार पोलीस करतील.

केकचं राहिलं. समलिंगी लग्नाचा केक नाकारणाऱ्या अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या मास्टरपीस केकशॉपचा २०१८ चा निकाल बेकरीवाल्याच्या बाजूने लागला, पण तो तिथल्या नागरी हक्क आयोगाने त्याच्या श्रद्धेशी वैरभावाने वागल्यामुळे. नकार देण्याचा सरसकट हक्क त्यात मिळालेला नाही. २०२३ चा ३०३ क्रिएटिव्हचा निकाल संकेतस्थळं बनवणारीच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर उभा आहे. दोन्हींचा पाया त्यांच्या राज्यघटनेत आहे. आपल्या कामाचा त्यातल्या त्यात बेलफास्टच्या ॲशर्स बेकरीचा: केकवर समलिंगी विवाहाच्या पाठिंब्याचं वाक्य हवं होतं, बेकरीने नाकारलं, २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नकार वाक्याला होता, माणसाला नव्हता. तेच वाक्य कुणीही मागितलं असतं तरी नाकारलं असतं. आपल्या न्यायालयावर हा निकाल बंधनकारक नाही, पण चाचणी ओळखीची वाटली असेल.

तुमच्या फ्लेक्सलाही तीच लावा. देवाची टिंगल छापणार नाही, तर ती कुणाच्याच देवाची नको. अल्लाची, येशूची, बुद्धाची, आणि नास्तिकांना शिवीगाळही नको. शिवाय जाणूनबुजून धर्मभावना दुखावणारा मजकूर गुन्हा ठरला तर छापणाराही आरोपी होऊ शकतो, म्हणजे हा नकार शहाणपणाचा. पण 'शादी मुबारक' किंवा 'नमो बुद्धाय' हा मजकूर आक्षेपार्ह नाही, तो छापावा लागेल.

हजेरीपट

कामगारांबद्दल. आरती खुशाल करा, सक्ती करू नका. खाजगी मालकाविरुद्ध मूलभूत हक्क चालत नाहीत, हे आता इतकं सरळ राहिलेलं नाही. कौशल किशोर खटल्यात ३ जानेवारी २०२३ ला घटनापीठाच्या बहुमताने म्हटलं की कलम १९ आणि २१ चे हक्क राज्यसंस्थेव्यतिरिक्त इतरांविरुद्धही मागता येतात. त्यात २५ चा उल्लेख नाही, पण आपल्यावर कसोटी लावून घ्यायची हौस कशाला? आरतीची वेळ कामाच्या तासांबाहेर ठेवा, किंवा ज्याला नको तो त्या दहा मिनिटांत ताटं मांडेल. गणपतीची वर्गणी पगारातून परस्पर कापू नका, कायद्याने मंजूर कपातींत ती बसत नाही.

शुक्रवारच्या नमाजाचं सोपं आहे. दुकाने व आस्थापना कायदा तुमच्या कामगारसंख्येला लागू असेल तर सलग ठरावीक तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावीच लागते, त्या दोघांची ती शुक्रवारी दुपारी ठेवा. कार्य असेल तर बदली माणूस आदल्या दिवशीच ठरवा. त्याच कायद्यात वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या, उरलेल्या चार मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. ईद आणि नाताळ त्यातच बसवा, डिसेंबरात लेखी करून टाका. दाढी, टोपी, क्रूस यांवर बंदी नको. भटारखान्यात केसांची जाळी आणि दाढीची जाळी सगळ्यांना, ती स्वच्छतेसाठी.

पंगतवाला

सगळ्यांचे आभार. वडीलधाऱ्यांना 'ताट आपलं, पाहुणा कुणीही' हे पटलं, कागद पाहिल्यावर. बोर्डाचा मसुदा असा:

'येथे फक्त शाकाहारी भोजन. आवारात मांसाहार व मद्यास परवानगी नाही. बाहेरील आचारी चालणार नाही. अटी सर्वांना समान. आपली संस्कृती जपणाऱ्यांचे स्वागत.'

खाली अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक.

कलमदान

शेवटचं वाक्य काढा. कुठली संस्कृती, हा प्रश्न पहिल्याच नाकारलेल्या पार्टीचा वकील विचारेल. त्याच्या जागी 'सर्वांचे स्वागत' एवढंच.

हळद_कुंकू_हॉल

आणि 'अटी सर्वांना समान' ही ओळ वर घ्या, मोठ्या अक्षरात. परवाना क्रमांक बिलावरही लागतो, तो छापखान्याला आजच कळवा. बाकी रंगवायला टाका.