रोजच्या एर्टिगाला एअर सस्पेन्शन बसवावं का? (गुहागर–चिपळूण)

वेळणेश्वरकर

मंडळी, सल्ला हवाय. गाडी २०२१ची एर्टिगा, सीएनजी कंपनीकडूनच आलेली. वेळणेश्वरला राहतं घर, त्यातल्याच काही खोल्या पाहुण्यांना देतो. गाडीला सुट्टी अशी नाहीच. सकाळी बाजाराला चिपळूण, दुपारच्या मांडवी एक्सप्रेसने उतरलेली माणसं स्टेशनवरून आणायची, एप्रिल-मेमध्ये मागे आंब्याच्या पेट्या.

मागे आधीच सीएनजीची टाकी. त्यात तिसऱ्या रांगेत दोघं बसले आणि बॅगा चढल्या की गाडीचं बूड खाली जातं. शृंगारतळीच्या गतिरोधकांवर मागून ठोका बसतो. सगळ्यात वाईट म्हणजे धोपावे जेटी. दाभोळला जायला फेरीबोटीत गाडी घालताना सुकती (ओहोटी) असली की उतार आणि बोटीची फळी यांच्यात असा काही कोन होतो, की पुढची चाकं फळीवर चढताच मागचा बंपर काँक्रीटवर घासतो. बंपरची खालची कड बघवत नाही आता.

दुसरी गोष्ट आईची. गुडघे दुखतात, गाडीत चढताना त्रास होतो. व्हिडिओत एअर सस्पेन्शन बघितलं, स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे, बटण दाबलं की गाडी खाली बसते, पुन्हा दाबलं की वर. वाटलं, जेटीला वर आणि आईला खाली, दोन्ही कामं एका बटणात होतील. पुण्यातल्या एका दुकानाने चारही चाकांच्या किटचा आकडा दीड लाखाच्या वर सांगितला, मोबाइलवरून चालवायची सोय धरून.

पैशाचं मी बघेन. प्रश्न एवढाच, आपल्याकडच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात रोज चालणाऱ्या गाडीला हे झेपेल का?

मिऱ्याचा_वारा

डोळे झाकून बसवा दादा. माझ्या जुन्या सेदानला चारही बाजूंनी हवा आहे, रत्नागिरीत रोजच फिरते. साळवी स्टॉपला ट्रॅफिकमध्ये असताना लोक काच खाली करून विचारतात. तीन उंच्या ठरवून ठेवल्यात: उभी करताना खाली, शहरात मध्ये, आणि आमच्या वाडीच्या चढणीला वर. स्प्रिंगवर असताना त्याच चढणीला इंजिनाखालचं ऑइल चेंबर आपटायचं. सकाळी चावी फिरवल्यावर हवेची टाकी भरेपर्यंत थांबावं लागतं हे खरं, तोवर मी काच पुसतो. आईंना बसायला तर फारच सोपं होईल.

बहादूरशेख_नाका

वेळणेश्वरकर, किट राहू दे बाजूला, आधी गाडीखाली जा. मागच्या दोन्ही स्प्रिंगांचं सगळ्यात खालचं वेटोळं जिथे वाटीत बसतं तिथे टॉर्च मार. किनाऱ्यावरच्या गाड्यांत त्या वाटीत रेती आणि खारं पाणी साचून राहतं, रंग उडतो, गंज धरतो आणि एक दिवस वेटोळ्याचा तुकडा पडतो. तुटली तरी गाडी चालते, फक्त त्या बाजूने बसते, आणि मालक म्हणतो लोड जास्त झाला असेल. मग रिकामी गाडी सपाट जागी उभी कर आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेप लाव, दोन्हीकडे. भरलेल्या गाडीवर पुन्हा तेच. एका बाजूचा आकडा कमी आला तर हवेचा प्रश्नच नाही, स्प्रिंगा बदल, जोडीने.

आता हवेचं. मी कळंबोलीला खासगी बसच्या गॅरेजात होतो, मुंबई-गोवा लाइनच्या गाड्यांचे बेलो, म्हणजे हवेचे रबरी फुगे, बदलण्यात उमेदीची वर्षं गेली. आता चिपळुणात स्वतःचं काम आहे. हवेवर माझा राग नाही, उलट भार उचलायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पाट्यांच्या स्प्रिंगवरची गाडी रिकामी असली की उडते आणि भरली की बसते. बेलोवरच्या गाडीत भार वाढला की उंची सांभाळणारा लेव्हलिंग व्हॉल्व्ह आणखी हवा सोडतो, दाब वाढतो आणि उंची होती तिथेच राहते. दाब वाढला की बेलो त्याच प्रमाणात कडकही होतो, म्हणून रिकामी बस आणि पुरी भरलेली बस जवळपास सारखीच डुलते. हिशेब साधा आहे: एका चाकावर ४०० किलो भार आणि बेलोचं काम करणारं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असेल, तर दाब लागणार चौरस सेंटिमीटरला ४ किलो, म्हणजे ५७ पीएसआयच्या आसपास.

पण बसचा कॉम्प्रेसर इंजिनावर असतो. ब्रेकलाच हवा लागते, त्यामुळे इंजिन चालू आहे तोवर तोही चालू. कुठे निपलला (नळीच्या जोडाला) बारीक गळती असली तरी ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. शिवाय हवा टाकीत जायच्या आधी पाणी शोषणाऱ्या ड्रायरमधून जाते. तुझ्या किटमधला कॉम्प्रेसर बॅटरीवरचा, डिकीत किंवा गाडीखाली बसवलेला. असले पुष्कळसे कॉम्प्रेसर सलग चालायला बनवलेलेच नसतात, दहा मिनिटं चालले तर वीस मिनिटं गार व्हायला द्यावी लागतात. गळती सुरू झाली की तो बिचारा सारखा चालू होत राहतो आणि जळतो. म्हणजे बिघडतं निपल आणि खर्च येतो कॉम्प्रेसरचा.

दुसरं पाणी. ३० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. जुलैतली आपली हवा तेवढी जवळजवळ भरलेलीच असते. ती दाबून दहाव्या हिश्शावर आणलीस की वाफही दहावा हिस्साच मावते, बाकीचं पाणी होऊन टाकीच्या तळाला बसतं. १५ लिटरची टाकी १० बारला एकदा भरली की अर्ध्या चमच्याहून जास्त पाणी. एकदाचं काही नाही, पण तू रोज खालीवर करणार. ते पाणी पुढे सोलेनॉइडच्या (विजेवर उघडणाऱ्या) व्हॉल्व्हमध्ये जातं, टाकी आतून गंजली असेल तर तिचा चुराही बरोबर नेतं. व्हॉल्व्हच्या बैठकीवर एक कण बसला की रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते. यावर उपाय आहेत, वॉटर ट्रॅप लावायचा, सिलिकाचा ड्रायर लावायचा, टाकीच्या खालचा कॉक नियमाने उघडायचा. पावसाळ्यात तू सकाळी पाहुण्यांचा नाश्ता बघशील की कॉक?

तिसरी आपली लाल माती. बेलोचं रबर जिथे स्वतःवर दुमडतं त्या घडीत ती जाऊन बसते आणि गाडी हलेल तशी रबर घासत राहते. बसखाली आम्ही पाण्याचा फवारा मारून घडी धुवायचो. छोट्या गाडीच्या पुढच्या स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असतात तिथे) तिथपर्यंत हात पोचत नाही.

आणि फाटलाच बेलो, तर चारी बाजूंनी हवा असलेली गाडी त्या कोपऱ्यात थेट बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) येते. हातखंब्याजवळ झालं तर निदान कोणी थांबेल. रात्री पाहुणे घेऊन मोडकाआगरच्या पुढे झालं तर काय करशील ते तूच बघ.

तुझं दुखणं मागच्या चाकांचं आहे ना? मग मागच्या स्प्रिंगच्या पोटात घालायचे छोटे बेलो मिळतात ते बघ. एर्टिगाला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे, म्हणून आत जागा असते. ना कॉम्प्रेसर, ना टाकी, ना वायरिंग. प्रत्येक बेलोची बारीक नळी बंपरजवळ आणून ट्यूबसारखा व्हॉल्व्ह लावायचा आणि पायपंपाने हवा भरायची. अमेरिकन एअर लिफ्टच्या १००० मालिकेला रिकाम्या गाडीत कमीत कमी ५ पीएसआय ठेवायला सांगतात आणि भरल्यावर जास्तीत जास्त ३५. इतर कंपन्यांचे आकडे त्यांच्या कागदावर बघायचे. फुटला तर गाडी तुझ्या मूळ स्प्रिंगवर असतेच, जशी आज आहे तशी घरी येशील. मोठ्या किटच्या एका कोपऱ्याच्या पैशात होतं. मात्र स्प्रिंगच्या आत बंप स्टॉप असेल तर बेलोच्या कंपनीच्या सूचना वाचल्याशिवाय कोणाला तो कापू देऊ नकोस. सायलेन्सरचा पाइप जवळून जात असेल तर मध्ये पत्रा मारून घे, उष्णतेने रबर जातं.

आईंसाठी चार इंची लाकडी पायरी करून दाराजवळ ठेव. सुतार अर्ध्या दिवसात देईल.

मिऱ्याचा_वारा

काका, तुम्ही बसवाले, तुम्हाला सगळीकडे गळतीच दिसणार. मी दर रविवारी टाकी रिकामी करतो, साबणाचा फेस लावून जोड बघतो, तासाभराचं काम. दोन पावसाळे निघाले.

बहादूरशेख_नाका

निघणारच, कारण तू ते करतोस. तुझी गाडी शेडमध्ये असते आणि तिच्यावर तुझा जीव आहे. नळी ब्लेडच्या कटरने काटकोनात कापली असेल तर जोडही वर्षानुवर्षं गळत नाहीत, पकडीने कापलेली नळी मात्र गळणारच. तू केलंस ते चांगलंच केलंस. पण या माणसाची गाडी पोटापाण्याची आहे, रविवारी तर ती जास्त पळते. आणि कधी कॉम्प्रेसर गेला तर तू दुसऱ्या दिवशी स्कूटरने जाशील, याचे पाहुणे स्टेशनवर बसून राहतील.

एक सांग, वरच्या उंचीवर किती चालवतोस? खूप वर ठेवून चालवलीस तर पुढच्या ॲक्सलच्या जॉइंटचा कोन वाढतो, ते लवकर जातात. स्ट्रटच्या गाडीत उंचीबरोबर टो आणि कॅम्बरही (चाकांचे आडवे-उभे कोन) हलतात. अलाइनमेंट ज्या उंचीवर चालवतोस तिथेच करून घेतलीस का?

मिऱ्याचा_वारा

मधल्या उंचीवर केलंय. वरची फक्त चढणीपुरती. टायर आतून खातोय हे मात्र खरंय.

सावंतवाडी_सर्व्हे

मी विम्याच्या अपघाती गाड्या बघतो, म्हणून कागदाची बाजू सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी पुस्तकातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. चारही सस्पेन्शन काढून दुसरी बसवणं हा मोठा बदल आहे, आणि अपघातानंतर क्लेम अडवायला तो कंपनीच्या हातात आयता मुद्दा. आतल्या छोट्या बेलोंनासुद्धा मी सूट आहे असं म्हणणार नाही. बसवायच्या आधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

आणि वेळणेश्वरकर, पाटी पांढरी की पिवळी? पांढऱ्या पाटीवर स्टेशनच्या फेरीचे पैसे घेत असाल तर सस्पेन्शनच्या आधी त्याचं बघा.

वेळणेश्वरकर

पिवळी आहे हो. फिटनेसला गाडी दाखवावी लागते म्हणून तर इथे विचारतोय.

काका, आज वाडीतल्या पोराला घेऊन गाडीखाली गेलो. डाव्या स्प्रिंगचं खालचं वेटोळं तुटलंय, बोटभर तुकडा वाटीतच पडलेला होता. रिकाम्या गाडीत डावी बाजू उजवीपेक्षा २२ मिलिमीटर खाली. फोटो टाकतो संध्याकाळी. आता दोन्ही स्प्रिंगा नवीन घालून छोटे बेलोही त्याच वेळी घालू, की आधी नुसत्या स्प्रिंगांवर चालवून बघू?

बहादूरशेख_नाका

आधी नुसत्या स्प्रिंगा. मूळ कंपनीच्या आणि सीएनजी मॉडेलच्या माग, पेट्रोलच्या घेऊ नकोस. पार्ट नंबर वेगळे आहेत का ते काउंटरवर चॅसी नंबर देऊन तपासून घे. वाटीतलं रबर नवीन टाक आणि वाटी घासून गंजरोधक मार. शॉकअप तेल टाकतायत का तेही त्याच वेळी दिसेल. एक आठवडा भरलेली गाडी चालव. तरीही जेटीवर घासली तर मग बेलो.

जेटीचं आणखी एक. सुकती असेल तेव्हा पाहुण्यांना वर उतरव आणि चालत बोटीत चढू दे. तिसऱ्या रांगेतली दोन माणसं उतरली की मागची बाजू किती उचलते ते टेप लावून बघ. घरी आलास की गाडीखाली गोड्या पाण्याचा पाइप मार, नाहीतर नव्या स्प्रिंगांचंही तेच होईल.

बेलो घातलेच तर एक लक्षात ठेव. हवा भरल्यावर भार वाहायची गाडीची मर्यादा वाढत नाही. गाडी सरळ दिसते एवढंच. टायर, ब्रेक आणि मागचा ॲक्सल होते तेच आहेत. पेट्या जास्त चढवायचा मोह होतो.

वेळणेश्वरकर

पेट्यांचं कळलं. शेवटचं एक: बेलो घातले तर दोन्हींना एकच व्हॉल्व्ह चालेल का? भरायला सोपं जाईल, म्हणून विचारतो.

बहादूरशेख_नाका

नको. दोन्ही नळ्या एका टीवर (तीन तोंडांच्या जोडावर) घेतल्यास तर वळणावर बाहेरच्या बेलोवर भार येतो, त्यातली हवा आतल्यात जाते आणि गाडी आणखीच कलते. पाटपन्हाळ्याच्या वळणांवर लगेच जाणवेल. दोन वेगळ्या नळ्या, दोन वेगळे व्हॉल्व्ह, आणि कमी दाब नीट दाखवणारा गेज घे. टायरवाल्याचा मोठा गेज ५ आणि १० पीएसआयमध्ये फरकच दाखवत नाही.