एकटीने लाइव्ह गायला-वाजवायला अरेंजर कीबोर्ड कुठला घेऊ?

गाणारी_बोटं
नमस्कार मंडळी. मी एकटीच गाते आणि एकटीच वाजवते, सोबत ना ड्रमर ना बेसवाला, म्हणून अरेंजर, म्हणजे कॉर्ड धरली की ताल आणि बेसची साथ आपोआप देणारा कीबोर्ड. आत्ता जो कीबोर्ड आहे तो अगदी सुरुवातीच्या लेव्हलचा, स्टाइलला, म्हणजे तयार ताल-साथीला, मेन ए आणि मेन बी असे दोनच प्रकार. माइक वेगळ्या मिक्सरला लावते, मग मिक्सरचे नॉब, कीबोर्डची बटणं आणि गाण्याचे शब्द हे सगळं एकाच वेळी सांभाळायचं, आणि त्यात गाण्याचा भाव कुठेतरी निसटतोच. आता वरचा घ्यायचाय. डोक्यात यामाहाचे एसएक्स७०० आणि एसएक्स९०० आहेत (किंवा २०२४ मध्ये त्यांच्या जागी आलेले ७२० आणि ९२०), आणि कॉर्गचे पीए७००, पीए१०००. व्हिडिओ बघून काहीच ठरत नाही कारण सगळेच छान वाजतात. ६१ कीज पुरतील का? व्होकल हार्मनी (आपल्या आवाजाला आपोआप जोडले जाणारे जास्तीचे सूर) खरंच उपयोगाची असते का? आणि एकाने सांगितलं की अरेंजरच्या नादी लागू नकोस, लॅपटॉपवर ट्रॅक लाव आणि गा. तुम्हाला काय वाटतं?

डावा_हात
ताई, आधी ट्रॅकचं बोलतो. ट्रॅक चार मिनिटांचा असेल तर चार मिनिटांनी संपणार, समोरची माणसं रंगात आली आणि तुम्हाला मुखडा अजून दोनदा घ्यावासा वाटला तरी तो थांबत नाही. अरेंजर तुमच्या मागे चालतो. कडवं विसरलात तर कॉर्ड धरून ठेवा, ताल चालू राहतो, शब्द आठवले की पुढे. घसा बसलाय म्हणून पट्टी उतरवायची तर ट्रान्सपोजचं बटण दोनदा दाबलं की काम झालं. एकट्या माणसाला ही मोकळीक लाखमोलाची आहे, म्हणून तुम्ही अरेंजरच घ्या असं माझं स्पष्ट मत.

आता कुठला. किती हजार आवाज आहेत, किती शे स्टाइली आहेत हे बघूच नका, कार्यक्रमात त्यातले पंधरा-वीस आवाज वापरले तरी खूप. बघायचं ते हे की गाता गाता, न बघता, काय काय करता येतं. दुकानात जाल तेव्हा डेमो ऐकत बसू नका. रोजचं गाणं घ्या, स्टाइल लावा, गायला लागा आणि गातानाच मेन ए वरून बी, मग सी, मध्ये फिल (ड्रमचा छोटा तुकडा), शेवटी एंडिंग असं करून बघा. एंडिंगचं बटण शोधायला मान खाली गेली आणि शेवटची ओळ हलली तर तो कीबोर्ड तुमच्यासाठी नाही, भले त्याचा पियानो कितीही गोड असो.

यामाहात यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रजिस्ट्रेशन मेमरी. स्टाइल, टेम्पो, उजव्या हाताचे आवाज, ट्रान्सपोज, माइकची सेटिंग असं सगळं एका बटणात बसतं. गाण्यागणिक एक बँक (अशा बटणांचा संच) करायची, पहिल्या बटणावर मुखड्याचा सेटअप, दुसऱ्यावर म्युझिक पीसची बासरी, तिसऱ्यावर कडव्याचे स्ट्रिंग्स. यात एक फ्रीझ नावाची सोय आहे ती बरेच जण उघडूनच बघत नाहीत. स्टाइल आणि टेम्पो फ्रीझ केले की बटण बदललं तरी ताल जसाच्या तसा चालू राहतो, फक्त वरचा आवाज बदलतो. नाहीतर गाण्याच्या मधेच टेम्पो उडी मारतो आणि तेव्हा सावरणं अवघड.

सुरांची_गट्टी
वरचं सगळं पटलं पण कॉर्गवर अन्याय नको 🙂 कॉर्गमध्ये हेच काम साँगबुक करतं, गाण्याच्या नावाने शोधायचं, निवडलं की स्टाइल, टेम्पो आणि चार कीबोर्ड सेट (हाताच्या आवाजांच्या तयार मांडण्या) सगळं समोर हजर. ज्याला गाणी नावाने आठवतात त्याला बँकांचे नंबर लक्षात ठेवण्यापेक्षा हे सोपं पडतं. शिवाय दोन प्लेअर एकाच वेळी असतात आणि क्रॉसफेडर असतो, म्हणजे एक फाइल संपत आली की दुसरी हळूच वर आणायची, मधे शांतता पडत नाही. पिच बेंड आणि मॉड्युलेशन एकाच जॉयस्टिकवर, सॅक्सोफोन नाहीतर व्हायोलिन वाजवताना अंगठ्याला बरं वाटतं. आवाजाची जातही वेगळी आहे, मला कॉर्गचे ड्रम जास्त अंगावर येणारे वाटतात आणि यामाहाचे पॉलिश केलेले. ही आवड आहे, बरोबर-चूक नाही.

फक्त एक लक्षात ठेवा, यामाहाची स्टाइल फाइल कॉर्गवर सरळ चालत नाही. कन्व्हर्ट करता येते पण आवाज आणि व्हॉल्यूम परत हाताने लावत बसावे लागतात. तुमच्याकडे आधीपासून यामाहाच्या स्टाइली जमवलेल्या असतील तर तिथेच राहिलेलं बरं. ड्रमच सगळ्यात महत्त्वाचे असतील तर इटलीच्या केट्रॉनचे कीबोर्डही एकदा ऐका, त्यांच्या स्टाइलीत खऱ्या वाजवलेल्या ड्रमचं रेकॉर्डिंग असतं.

फेडर_वर_खाली
मी साउंडच्या बाजूने लिहितो कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

माइक सरळ कीबोर्डात लावता येणं हा तुमच्यासाठी खरा फायदा आहे, एक मिक्सर कमी होतो. एसएक्स७०० ला माइक लावता येतो पण व्होकल हार्मनी ९०० मध्ये आहे. पीए१००० मध्ये टीसी हेलिकॉन कंपनीचा व्हॉइस प्रोसेसर (गाण्याच्या आवाजावर इफेक्ट आणि हार्मनी देणारा भाग) आहे. हार्मनी उपयोगाची आहे का तर हो, पण थोडीच. ती तुमच्या डाव्या हाताच्या कॉर्डवरून सूर ठरवते, त्यामुळे कॉर्ड उशिरा बदलली की हार्मनी बेसूर होते आणि लोकांना वाटतं गायिका बेसूर. मुखड्याला लावा, कडव्याला बंद. आणि दोन गाण्यांच्या मधे लोकांशी बोलताना रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) उतरवा, यामाहात त्यासाठी टॉक नावाची वेगळी सेटिंगच आहे, नाहीतर तुमचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं ऐकू येतं.

दुसरं, स्टेजचा साउंड मोनो (डावी-उजवी बाजू वेगळी नसलेला) असेल तर फक्त लेफ्टच्या जॅकला केबल लावा, त्यावर एल प्लस आर लिहिलेलं असतं, कीबोर्ड आपणच दोन्ही बाजू एकत्र करून देतो. दोन केबल लावल्या आणि समोरच्याने एकच चॅनल उघडला तर एका बाजूला ठेवलेली (पॅन केलेली) वाद्यं अर्धवट ऐकू येतात आणि तुम्हाला स्टेजवर कळतही नाही. केबल लांबची असेल तर डीआय बॉक्स (सिग्नल लांबवर स्वच्छ नेणारा छोटा डबा) लावा, हम म्हणजे घूं असा आवाज कमी होतो.

कीबोर्डाचे स्वतःचे स्पीकर छोट्या खोलीत ठीक, मोठ्या जागी ते फक्त तुम्हाला ऐकायला, तेही हळू ठेवा कारण माइक जवळच असतो. यामाहाचा जेनॉस किंवा कॉर्गचा पीए५एक्स अशा वरच्या मॉडेलकडे जाणार असाल तर त्यांच्यात स्पीकर बसवलेले येत नाहीत हे धरून चाला.

गाणारी_बोटं
खूप आभार सगळ्यांचे, एवढं तपशिलात कुणी सांगितलं नव्हतं. अजून एक विचारते. मी डाव्या हाताने बहुतेक एका बोटाने नाहीतर दोन बोटांनी कॉर्ड धरते, त्याने काही बिघडतं का? आणि खालच्या पट्टीतली गाणी वाजवताना उजवा हात कॉर्डच्या भागात घुसतो आणि कॉर्ड भलतीच लागते.

डावा_हात
बिघडत नाही, पण हात बांधलेला राहतो. एका बोटाच्या पद्धतीत मूळ सूर दाबला की मेजर, त्याच्या डावीकडची काळी सोबत दाबली की मायनर, डावीकडची पांढरी दाबली की सेव्हन्थ. सुरुवातीला छान, पण सस्पेन्डेड किंवा डिमिनिश्ड लागली की अडकायला होतं. हळूहळू पूर्ण कॉर्ड धरायची सवय लावा आणि ती बसली की फिंगर्ड ऑन बेस लावून बघा. त्यात सगळ्यात खालचा सूर बेसला जातो, म्हणजे सी कॉर्ड ई वर धरली की बेस ई वाजवतो. सी वरून एफ ला जाताना मधे तो ई लागला की बेसची चाल किती सुंदर सरकते ते स्वतःच्या कानाने ऐका.

उजवा हात घुसतो त्याला स्प्लिट पॉइंट, म्हणजे कॉर्डचा भाग जिथे संपतो तो सूर, कारण आहे. यामाहात तो सहसा एफ शार्प २ वर असतो, दोन-तीन सूर खाली सरकवा, डाव्या हाताला तेवढी जागा पुरते. ६१ कीजचं उत्तर पण यातच आहे. एक भाग कॉर्डला गेला की उजव्या हाताला साडेतीन सप्तकं उरतात, गाणं आणि म्युझिक पीसला ती भरपूर. पियानोचे मोठे सोलो वाजवत असाल तरच ७६ चा विचार करा. ९०० चं वजनच साडेअकरा किलो आहे, एकटीने उचलणार आहात.

आणि कॉर्ड लूपर विसरू नका, एसएक्स मध्ये आहे, कॉर्गमध्ये त्याला कॉर्ड सिक्वेन्सर म्हणतात. मुखड्याच्या कॉर्ड एकदा वाजवून रेकॉर्ड करायच्या, मग त्या आपोआप फिरत राहतात आणि डावा हात मोकळा.

फेडर_वर_खाली
एकच राहिलं. रजिस्ट्रेशन फाइलला स्टाइल कुठल्या फोल्डरमधून घेतली तेवढा रस्ता आठवतो, स्टाइल स्वतः तिच्यात नसते. पेन ड्राइव्हमधल्या फोल्डरचं नाव बदललंत तर गाणं उघडेल पण स्टाइल सापडणार नाही. सगळ्याची कॉपी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवा, फोल्डरची नावं अगदी तीच ठेवून. आणि एक फूटस्विच कीबोर्डसोबतच घ्या, त्यावर फिल किंवा पुढचं रजिस्ट्रेशन लावून टाका, दोन्ही हात कीजवरच राहतील.

गाणारी_बोटं
मग फूटस्विच नक्की. येत्या आठवड्यात ९२० आणि पीए१००० दोन्हीवर माझीच गाणी गाऊन बघते, दोन्हीकडे तीच तीन गाणी, आणि एंडिंगच्या बटणाकडे मान जाते का ते बघते. काय ठरलं ते इथेच लिहीन.