टाडालाफिल आणि पीएसए चाचणीचा अहवाल

प्रश्न (देवगड) : माझे वय ६३. लिंगताठरतेच्या तक्रारीसाठी रोज ५ मिलिग्रॅम टाडालाफिल आणि लघवीच्या त्रासासाठी वर्षभर टॅमसुलोसिन-ड्युटास्टेराइडची एकत्रित गोळी घेतो. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीच्या तपासणीसाठीची रक्तचाचणी) ५.१ वरून २.७ वर आला, म्हणून घरचे निर्धास्त आहेत. मात्र टाडालाफिलमुळे आकडा फसवा तर आला नसेल ना?

उत्तर (रत्नागिरी) : टाडालाफिल वा त्याच प्रकारच्या सिल्डेनाफिलमुळे पीएसएमध्ये लक्षणीय फरक पडत नाही. फरक पडतो तो ड्युटास्टेराइडमुळे. सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर हे औषध पीएसए सुमारे निम्म्यावर आणते, त्यामुळे आपला २.७ हा आकडा दुप्पट करून, म्हणजे ५.४ च्या आसपास धरूनच वाचावा लागतो. अर्थात प्रोस्टेटचा कर्करोग आहे असा याचा अर्थ नव्हे, परंतु निर्धास्त होण्याजोगा तो नाही. अहवालासोबत गोळ्यांची पाकिटेच मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवावीत. लाजेपोटी आपल्याकडे नेमक्या अशाच गोळ्या सांगायच्या राहतात.

उत्तर (चिपळूण) : पुन्हा रक्त देण्यापूर्वी दोन दिवस वीर्यस्खलन आणि सायकल टाळावी; मूत्रमार्गाचा संसर्ग झाला असल्यास सुमारे सहा आठवडे थांबावे. छातीत दुखते म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवण्याची वेळ येत असेल, तर टाडालाफिल मुळीच घेऊ नये, रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो.

प्रश्नकर्ता : सॉर्बिट्रेट घेत नाही. ड्युटास्टेराइडचे मला कोणीच सांगितले नव्हते. सोमवारी दोन्ही अहवाल घेऊन कणकवलीला जातो.