मदत हवी आहे: शेळ्यांना पीपीआर (बुळकांडी, विषाणूचा साथीचा रोग) आहे का नुसता निमोनिया? खात्री कशी करायची, सॅम्पल कुठलं पाठवू?

नमस्कार मंडळी, तुळजापूर तालुक्यात वस्तीवर राहतो, उस्मानाबादी शेळ्या आहेत. आठवडाभर झाला एकेक जनावर पडायला लागलंय. आधी ताप, १०५-१०६ पर्यंत, नाकाडोळ्यातून पाणी, चारा बंद. मग तेच पाणी पिवळं घट्ट होऊन नाकपुड्यांवर खपल्या धरतात, डोळे चिकटतात, सकाळी कोमट पाण्यानं पुसून उघडावे लागतात. तोंड उघडून बघितलं तर हिरड्यांवर आणि जिभेखाली कोंडा चिकटावा तसा पांढरट थर, आणि वास असा की जवळ थांबवत नाही. त्याच्यानंतर हगवण आणि धाप. दोन पहिलारू पाठी गाभडल्या, करडं तर मरतायत.

डॉक्टर येऊन गेले, निमोनिया म्हणाले, अँटिबायोटिक चालू आहे, थोडा फरक पडतो पण नवीन पडायच्या थांबेनात. गावात कोण मावा म्हणतं, कोण आंत्रविषार, मेंढरंवाले मामा बघून म्हणाले बुळकांडीच आहे ही. मला पण तेच वाटतंय कारण शेजारच्या वस्तीवर बाजारातून बोकडं आणली तेव्हा तिथं असंच झालं होतं, आणि आमच्या जुन्या शेळ्या ज्यांना पीपीआरची लस झालेली आहे त्या अजून ठणठणीत आहेत, पडल्यात त्या सगळ्या नंतर जन्मलेल्या. पुण्याला लॅबला पाठवायचं तर रक्त द्यायचं का स्वॅब? कुठल्या शेळीचं? प्लीज कुणीतरी नीट सांगा, करडं डोळ्यासमोर जातायत.

प्रतिसाद:
दादा, लस झालेल्या वाचल्या आणि बाकीच्या पडल्या हे तुम्ही लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे, डॉक्टरांना आवर्जून सांगा. लक्षणं पीपीआरकडंच बोट दाखवतात पण नुसत्या लक्षणांवर ठाम बोलता येत नाही. माव्यात ओठांवर जाड खपल्या येतात, पण एवढा ताप आणि हगवण सहसा नसते. आंत्रविषारात करडू पटकन मरतं, नाकाडोळ्याचं असं काही होत नाही. लाळ्या खुरकूत असता तर लंगडल्या असत्या. निमोनियाचं म्हणाल तर तो असणारच, पीपीआरनं प्रतिकारशक्ती पडली की पाश्चुरेलासारखे जंतू फुफ्फुसात शिरतात, म्हणून तर अँटिबायोटिकनं थोडा फरक दिसतो. जंतू सापडले म्हणजे पीपीआर नाही असं कधीच धरू नका.

सॅम्पल नव्यानं ताप आलेल्या, अजून नाकाडोळ्यातून पातळ पाणी येणाऱ्या चार-पाच जनावरांचं घ्यायला लावा. जुनं, शेवटाला आलेलं जनावर निवडू नका, त्यात विषाणू सापडायची शक्यता कमी. नाक, डोळे, तोंड यांचे स्वॅब, सोबत ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये रक्त, सगळं बर्फात. नुसत्या सीरममधल्या (रक्तातल्या पाण्यातल्या) अँटिबॉडीवर, म्हणजे रोगाशी लढायला अंगात तयार होणाऱ्या घटकांवर जाऊ नका, लसीच्या आणि रोगाच्या अँटिबॉडी वेगळ्या ओळखता येत नाहीत. स्वॅबवर थेट विषाणू शोधणारी तपासणी, सँडविच एलायझा नाहीतर आरटीपीसीआर, होते. करडू ताजं मेलेलं असेल तर सरकारी डॉक्टरांकडून पोस्टमॉर्टेम करून घ्या, मोठ्या आतड्याच्या शेवटाला आतून लाल पट्टे दिसले तर शंका पक्की होते. आतड्याजवळच्या गाठी, प्लीहा, फुफ्फुसाचा तुकडा हेही बर्फातच, फॉर्मॅलिनमध्ये टाकलेल्याचा विषाणू शोधायला उपयोग नाही.

हे स्वतः घेऊन पुण्याला पळू नका. पशुधन विकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा, नाहीतर जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या हेल्पलाइनला फोन करा, सॅम्पल त्यांच्यामार्फत पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं जातं. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यात हा सरकारला कळवायलाच लागणारा रोग आहे, त्यामुळं टाळाटाळ झाली तरी सोडू नका.

धागाकर्ता:
खूप आभार सर. उद्या सकाळीच दवाखान्यात जातो. एक विचारायचं राहिलं, ज्या अजून चांगल्या आहेत त्यांना आत्ता लस द्यायची का?

प्रतिसाद:
आधी आजारी वेगळ्या बांधा, पाणी-गव्हाण वेगळी, आणि बाजारात एकही जनावर नेऊ नका. तुमच्याच गोठ्यातल्यांचं डॉक्टरांना ठरवू द्या, ज्यांच्या अंगात रोग आधीच शिरलाय त्या लस देऊनही पडतील आणि मग लोक लसीलाच नावं ठेवतील. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे निरोगी कळप मात्र लगेच टोचून घ्यायला सांगा.