मदत हवी आहे: हप्ते थकल्यामुळे बँकेने ओढलेल्या (जप्त केलेल्या) गाड्या लिलावात घेऊन विकण्याबद्दल (गोवा)

नवखा_वेर्णा:
नमस्कार मंडळी. खाजगी कंपनीत नोकरी आहे. वर्षाला दोन-तीन जप्तीच्या गाड्या लिलावात घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या, असा विचार आहे. हाताशी चार लाख रोकड, कर्ज काढायचं नाही. ऑनलाइन लिलावाच्या यादीतल्या या तीन गाड्यांवर नजर आहे:

1) स्विफ्ट पेट्रोल, 2016, जीए-03, 71,000 किमी. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) 'उपलब्ध नाही' असं लिहिलंय. चावी एकच.
2) डिझायर डिझेल, 2018, एमएच-07, यार्ड कोल्हापूरला.
3) वॅगन-आर, 2019, जीए-03, काळी पाटी (रेंट-अ-कॅब, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेली), टायर बरे दिसतात.

प्रश्न असे: यार्डात जाऊन नेमकं काय बघायचं? बोली कुठे थांबवायची? आरसी नसेल तर गाडी नावावर होते का? आणि जीएसटी, आयकराचं काय?

आरसी_कारकून:
आधी कागद. गाडी बरी आणि कागद अडकलेले, हा या धंद्यातला सगळ्यात महागडा प्रकार.

बोली लावण्याआधी सरकारच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून चार गोष्टी बघा: बोजा (गाडीवर नोंदलेलं कर्ज) कोणत्या बँकेचा आहे (लिलाव करणारी तीच आहे का), 'ब्लॅकलिस्ट'चा शेरा आहे का, कर आणि विमा कधीपर्यंत आहे, आणि ई-चलन किती बाकी आहेत. चलनं जुन्या मालकाची असली तरी ती भरल्याशिवाय हस्तांतर पुढे सरकत नाही, म्हणजे ती तुमच्याच खिशातून जाणार. एका गाडीवर दोन बोजे दिसले तर तिथेच सोडून द्या.

आता 'आरसी उपलब्ध नाही' याचा अर्थ. कर्जदाराने आरसी दिलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 मध्ये त्याची सोय आहे. बँक फॉर्म 36 वर आरटीओकडे अर्ज करते, आरटीओ फॉर्म 37 ने मालकाला आरसी जमा करायची नोटीस पाठवतं, आणि तो देत नसेल तरी बँकेच्या नावावर नवी आरसी निघते. त्यानंतर फॉर्म 29 आणि 30 वर (मालकी हस्तांतराचे फॉर्म) ती तुमच्या नावावर होते. म्हणजे हस्तांतर दोनदा. वेळ जातो, पण रस्ता सरळ आहे.

दुसरा रस्ता जास्त दिसतो. कर्ज देताना कर्जदाराच्या सह्या घेऊन ठेवलेले कोरे 29-30 बँक तुम्हाला देते. यात दोन ठिकाणी अडतं: सही जुळत नाही, नाहीतर ओटीपी जुन्या मालकाच्या मोबाइलवर जातो. ज्याची गाडी ओढून नेली तो तुम्हाला ओटीपी सांगेल का, हे तुम्हीच ठरवा. म्हणून लिलावाआधी बँकेला ईमेलवर एकच प्रश्न विचारा: फॉर्म 36 बँक स्वतः करून देणार का, आणि किती दिवसांत? फोनवरच्या 'हो हो, होऊन जातं' ला काही अर्थ नाही.

पैसे भरल्यावर जे कागद मिळतात त्याला 'रेपो किट' म्हणतात. त्यात लिलावाचं विक्रीपत्र, फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा), बँकेचं ना-हरकत पत्र, कर्जदाराला पाठवलेल्या विक्रीपूर्व नोटिशीची प्रत आणि जप्तीआधी-नंतर पोलिसांना दिलेल्या सूचनेची प्रत हवी. ना-हरकत पत्रावर मुदत छापलेली असते, बहुधा 90 दिवस. ती उलटली की पुन्हा बँकेच्या पायऱ्या.

नवखा_वेर्णा:
गाडी नावावर न करता थेट पुढच्या ग्राहकाला विकली तर? मालकांची संख्या एकाने वाढत नाही, म्हणून भाव बरा मिळतो असं ऐकलं.

आरसी_कारकून:
याला 'ओपन पेपर' म्हणतात आणि चालतं सगळीकडे, हे खरं. पण नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. गाडी मध्ये तीन हात फिरली असली तरी. त्यामुळे बँक किंवा जुना मालक त्या काळात कधीही तक्रार करू शकतो.

वारंवार गाड्या घेऊन विकणार असाल तर 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेले नियम बघा. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं. अर्ज फॉर्म 29अ वर, मुदत पाच वर्षं. असा विक्रेता गाडी ताब्यात घेतल्याची सूचना पोर्टलवर देतो आणि मग आरसी नूतनीकरण, ना-हरकत, हस्तांतर यांचे अर्ज स्वतः करू शकतो. वर्षाला दोन गाड्यांसाठी हे जड वाटेल. तसं असेल तर सरळ आपल्या नावावर करा आणि एक मालक वाढला म्हणून भावात जे कमी येईल ते हिशेबात आधीच धरा.

गॅरेज_करासवाडा:
मी गाडीबद्दल सांगतो. यार्डात बहुतेक ठिकाणी गाडी चालवायला मिळत नाही, फार तर सुरू करून दाखवतात. 'जशी आहे, जिथे आहे' हीच अट, नंतर तक्रार नाही. तेव्हा सोबत न्या: जंप स्टार्टर (उतरलेल्या बॅटरीची गाडी सुरू करायला), ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा), बॅटरी (टॉर्च), छोटं चुंबक, जुनं गोणपाट (खाली झोपायला लागेल).

इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, गाडी सोडा. तेलाची पातळी खुणेच्या वर असेल तरी शंका घ्या. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसतो का बघा. मग स्कॅनर लावा. एकही कोड नाही म्हणून खूश होऊ नका. 'रेडीनेस मॉनिटर' (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणारे) अपूर्ण दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेत, किंवा बॅटरी बराच काळ उतरलेली होती. जप्तीच्या गाडीत दुसरंच कारण जास्त वेळा असतं, पण त्यामुळे खरी खोड झाकली जाते हे खरंच.

पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेष असते, बाहेरून धुतलं तरी तिथे हात पोचत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा, आणि फ्यूज बॉक्समधल्या पिनांवर हिरवट पूड. कोल्हापूरच्या यार्डातल्या डिझायरला हे सगळं दुप्पट काळजीने करा. 2019 आणि 2021 चे पूर विसरू नका, आणि ती 2018 ची गाडी दोन्ही पुरांच्या वेळी रस्त्यावर होती.

गोव्यातली खास खोड म्हणजे झाडाखाली उभी गाडी. वायपरखालच्या जाळीत पानं साचतात, निचऱ्याची भोकं बुजतात आणि पावसात पाणी ब्लोअरमधून डाव्या पायाखाली उतरतं. कारपेट वरून कोरडं, खालचा फोम ओला. हात घालून दाबा. शिवाय समुद्राकाठी वापरलेली गाडी असेल तर दारांच्या खालच्या कडा, सिलचे (दाराखालच्या पत्र्याचे) जोड आणि मागच्या अ‍ॅक्सलचे बुड चुंबकाने तपासा. चुंबक चिकटलं नाही म्हणजे गंजावर पुट्टी भरलीय.

उभ्या गाडीला हमखास लागणारं: बॅटरी, ब्रेकचं काम (डिस्कवर गंज, मागचे ड्रम हँडब्रेकसकट जाम), जुनं पेट्रोल काढणं आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. शेवटच्याचा अंदाज आधी येत नाही. बॉनेट उघडल्यावर लेंड्या दिसल्या तर 5,000 पासून 30,000 पर्यंत काहीही धरा. टायर जाड दिसले तरी बाजूचा चार आकडी शिक्का वाचा. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. पाच-सहा वर्षांचा टायर नक्षी असली तरी ग्राहक घासाघीस करायला वापरतोच.

हिशेबनीस_म्हापसा:
बोलीचा आकडा पुढून नाही, मागून काढायचा. तुमच्या स्विफ्टचं उदाहरण घेतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या भागातला भाव स्वतः तपासा. समजा अशी गाडी बाजारात 3,40,000 ला मागता येते.

घासाघीस 10,000
लिलाव कंपनीचं शुल्क, त्यावरचा जीएसटी धरून 8,000
टोइंग 4,500
बॅटरी 4,500
चार टायर 18,000
तेल, फिल्टर, प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल 7,000
ब्रेक 5,000
चार पत्र्यांचं डेंटिंग-पेंटिंग 14,000
दुसरी चावी 6,000
विमा 5,000
हस्तांतर आणि एजंट 7,000
चार महिने अडकलेल्या पैशांचं व्याज 9,000
न दिसलेल्या दोषांसाठी राखीव 25,000
तुमचा नफा 30,000

बेरीज 1,53,000. म्हणून कमाल बोली 1,87,000. याच्यावर एक रुपया गेला की तो तुमच्या नफ्यातून जातो, शेजारच्या बोलीदाराच्या नाही. लिलावात शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ आपोआप वाढते. तिथे हात आवरला नाही की सगळा हिशेब फुकट. आकडा चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवा. हसू नका, उपयोग होतो.

लोक विसरतात ते व्याज आणि यार्डचं भाडं. बोली मंजूर झाल्यावर बँकेने दिलेल्या मुदतीत पूर्ण रक्कम भरली नाही तर बोलीसाठी आधी भरलेली अनामत जाते. रक्कम भरून गाडी उचलली नाही तर दिवसाचं भाडं चढतं. आणि लिलाव संपला म्हणजे गाडी तुमची असं नाही. बँकेची मंजुरी येईपर्यंत कर्जदार पैसे भरून गाडी सोडवू शकतो, त्यावेळी अनामत परत मिळते, पण तुमचे दिवस गेलेले असतात.

जीएसटी: जानेवारी 2025 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रीत नोंदणीकृत विक्रेत्याला नफ्याच्या फरकावर 18 टक्के लागतो. फरक म्हणजे विक्री वजा खरेदी, दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा होत नाही. वरच्या उदाहरणात गाडी 3,30,000 ला गेली तर फरक 1,43,000, आणि किंमत करासकट ठरली असेल तर सुमारे 21,800 कर. म्हणजे नफ्याच्या तीस हजारांमधले बावीस गेलेच. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल आणि नोंदणी नसेल तर हा प्रश्न येत नाही. दोन-तीन गाड्यांत तुम्ही तिथे पोचणार नाही.

आयकर: हे धंद्याचं उत्पन्न, पगाराबरोबर दाखवावं लागेल. नोकरदार वापरतात तो साधा आयटीआर-1 चालणार नाही. एका व्यवहारात 2 लाख किंवा जास्त रोख घेऊ नका. ग्राहक कितीही म्हणाला तरी.

पेडणे_वाचक:
एक आडवा प्रश्न. मी सरकारी नोकरीत आहे, हेच करायचंय. बायकोच्या नावावर केलं तर?

आरसी_कारकून:
सरकारी सेवकाला आचारनियमांनुसार परवानगीशिवाय व्यापार करता येत नाही. कुटुंबातला कोणी धंदा करत असेल तर तेही कार्यालयाला कळवायचं असतं. लपवून केलं आणि गाडीच्या वादात नोटीस आली तर पत्ता तुमच्याच घरचा असणार. आधी विचारा, मग करा.

नवखा_वेर्णा:
बरं. मग डिझायर आणि काळ्या पाटीचं काय? भावाने डिझायरच स्वस्त दिसतेय.

आरसी_कारकून:
डिझायर एमएच-07 ची आहे, म्हणजे सिंधुदुर्गची. गोव्यात विकायची तर फॉर्म 28 ची ना-हरकत (गाडी दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी), इथे पुन्हा नोंदणी आणि गाडीच्या सध्याच्या किमतीवर इथला कर. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा वेगळा अर्ज करून मागावा लागतो आणि तो लगेच मिळत नाही. त्यात जप्तीची गाडी, म्हणजे फॉर्म 36 चं काम आधी तिथे, मग ना-हरकत. शिवाय विमा नसलेली गाडी कोल्हापूरहून चालवत आणायची नाही, ट्रकवर आणायची. घ्यायचीच असेल तर ती सिंधुदुर्गातच विकण्याच्या बेताने घ्या.

काळ्या पाटीच्या वॅगन-आरमध्ये तीन कामं: परवाना जमा करणं, वाहतूक वर्गातून खाजगी वर्गात बदल, आणि करातला फरक. फिटनेस आणि वाहतूक कर थकलेला असेल तर तो आधी. रेंट-अ-कॅबचा परवाना गाडीबरोबर तुम्हाला मिळतो असा समज करून घेऊ नका.

गॅरेज_करासवाडा:
तिच्यात क्लच आणि पुढचं सस्पेन्शन धरून ठेवा. मोकळ्या हाताने भाड्याची गाडी चालवणारे घाटात कसे उतरतात ते चोर्ला घाटात बघा. मीटरवर 40,000 दिसलं तरी पेडलचे रबर, स्टिअरिंगची चकाकी आणि ड्रायव्हर सीटची कड बघून ठरवा.

नवखा_वेर्णा:
मग स्विफ्टच. बँकेला ईमेल केला, फॉर्म 36 ची जबाबदारी ते घेतात आणि 45 दिवस लागतील असं उत्तर आलं. पण सध्याची सर्वोच्च बोली 2,15,000 आहे.

हिशेबनीस_म्हापसा:
1,87,000 पेक्षा ती 28,000 ने जास्त. म्हणजे नफा 2,000, आणि उंदीर नशिबात असेल तर तोही नाही. सोडा. चतुर्थी आणि दसऱ्याच्या आधी खपायला हवी असेल तर खरेदी एप्रिल-मेमध्ये व्हायला हवी, कागदांना तेवढा वेळ लागतोच. पुढची यादी बघा.

गॅरेज_करासवाडा:
आणि पुढची बघताना 'चावी नाही' असं लिहिलेली असेल तर इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीला नव्या चाव्या आणि त्यांचं प्रोग्रॅमिंग मिळून 8,000 ते 12,000 धरा. स्टिअरिंग लॉक असेल तर पुढची चाकं उचलून टोइंग, म्हणून टोइंगवाल्याला फोनवर आधीच सांगा, नाहीतर तो दोरी घेऊन येतो.