पेप्सिन आपलंच पोट पचवतं का?

गुडघेदुखी: एंडोस्कोपीत जठरात अल्सर निघाला. अ‍ॅसिड कमी करायची गोळी 8 आठवडे घ्यायला सांगितलीय. माझा प्रश्न वेगळाच आहे. पेप्सिन प्रोटीन पचवतं, आणि जठरही प्रोटीनचंच. मग ते रोजच का पचून जात नाही? शिवाय पोट जड वाटायचं म्हणून मी जेवणानंतर एन्झाइमचं सिरप घ्यायचे. आत्ता बाटली बघितली तर त्यावर पेप्सिन लिहिलेलं! मीच माझ्या हाताने घोळ घातला का?

परीक्षानळी: मी डॉक्टर नाही, पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत हयात गेली. दरवर्षी 3 नळ्या लावायचो. तिन्हीत उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचे तुकडे. एकीत नुसतं पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, दुसरीत नुसतं पेप्सिन, तिसरीत दोन्ही. 37 अंशाच्या पाण्यात ठेवून द्यायचं. काही तासांनी बघावं तर पहिल्या दोन नळ्यांतले तुकडे होते तसेच. तिसरीतल्यांच्या कडा आधी काचेसारख्या पारदर्शक होत, मग कोपरे झिजत, तुकडा बारीक होत जाई. पोरं तीच नळी उचलून उजेडात धरायची.

जठरातही तेच. पेशी पेप्सिन तयार करून सोडतच नाहीत. सोडतात ते निष्क्रिय पेप्सिनोजेन. अ‍ॅसिड भेटलं की त्याचं पेप्सिन होतं. पीएच म्हणजे आम्लतेचा आकडा, तो जितका कमी तितकं अ‍ॅसिड तीव्र. पीएच 2 च्या आसपास ते जोरात असतं, 4 च्या वर गेलं की बरंच मंदावतं. अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो आणि त्याच्या तळाशी अ‍ॅसिड शमवणारं बायकार्बोनेट, त्यामुळे पेशींपाशी पीएच 7 च्या जवळपास राहतो. तिथे पेप्सिनचं काही चालत नाही. थर फाटला की मात्र अ‍ॅसिड आणि पेप्सिन दोघंही आत घुसतात. तुमची गोळी अ‍ॅसिड कमी करते, म्हणजे पेप्सिनचीही धार जाते.

सिरपमुळे झालं असं मला वाटत नाही, जठर स्वतःच भरपूर पेप्सिन करतं. तरी अल्सर भरेपर्यंत ते बंद ठेवायचं का, हे डॉक्टरांना विचारा. खरा प्रश्न थर कशाने फाटला हा आहे. तुमच्या ‘गुडघेदुखी’ या नावावरून शंका येतेय, पेनकिलर घेत होतात का?

गुडघेदुखी: दीड महिना, रोज. पण जेवूनच घ्यायचे हो!

परीक्षानळी: जेवून घेतल्याने जळजळ कमी होईल, धोका टळत नाही. या गोळ्या रक्तातून काम करतात. श्लेष्मा आणि बायकार्बोनेट टिकवणारी प्रोस्टाग्लँडिन्स त्या घटवतात, त्यामुळे इंजेक्शन घेतलं तरी तेच.

रात्रपाळी: मी तर एकही पेनकिलर घेतली नव्हती, तरी झाला. माझ्यात एच. पायलोरी हा जठरातला जंतू निघाला. वर्षभर सगळे म्हणत होते, टेन्शन घेऊ नकोस. मार्शल आणि वॉरनना या जंतूसाठी 2005 मध्ये नोबेल मिळालं, तरी लोकांच्या तोंडी टेन्शनच! 14 दिवस अँटिबायोटिक घेतली, मग श्वासाची तपासणी करून तो गेल्याची खात्री केली. तुमची बायोप्सी घेतली होती का? दोन्ही कारणं एकत्रही असू शकतात. आणि शी डांबरासारखी काळी झाली तर लगेच हॉस्पिटल गाठा, इथे विचारत बसू नका.

गुडघेदुखी: बायोप्सी घेतलीय, रिपोर्ट गुरुवारी आहे. पेनकिलरचं डॉक्टरांना सांगायचंच राहिलं होतं, आत्ता फोन करते.