टॅक्सीच्या डेटात न्यूयॉर्क दिसतं की नुसतं मॅनहॅटन?

क्वीन्सवाली: ‘आकडेमोड’ यांचा कालचा लेख वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. त्यांच्या मते पिवळ्या टॅक्सींचा डेटा म्हणजे अख्ख्या न्यूयॉर्कची नाडी. आणि त्यातून म्हणे कळतं की रोख पैसे देणारे टिप देत नाहीत आणि क्वीन्स, म्हणजे मॅनहॅटनबाहेरचा आमचा भाग, रात्री लवकर झोपतं.

अहो, टिपच्या रकान्यात फक्त कार्डावरची टिप चढते. रोख टिप ड्रायव्हरच्या खिशात जाते आणि नोंदीत शून्य दिसतं. त्यावरून माणसं कंजूष ठरवायची? आणि क्वीन्समध्ये पिवळी टॅक्सी फिरकत नव्हती म्हणून तर 2013 साली हिरव्या टॅक्सी आणाव्या लागल्या. तेव्हा पिवळ्या टॅक्सीत बसणारे सुमारे 95 टक्के लोक मॅनहॅटनमध्ये 96व्या रस्त्याच्या दक्षिणेला नाहीतर विमानतळांवर बसत. रात्री उशिरा रूझवेल्ट अव्हेन्यूवर या. 7 नंबरच्या सबवे गाडीच्या पुलाखाली खाण्याच्या गाड्यांपुढे कामावरून सुटलेल्यांची गर्दी असते. ते सबवेने येतात, चालत घरी जातात. तुमच्या फाइलीत ते नाहीतच.

आकडेमोड: रोख टिपेचं मान्य. पण 2009 पासूनच्या शंभर कोटींहून जास्त फेऱ्या तुम्ही एका रस्त्यावरच्या गर्दीने खोडून काढताय. पावसात टॅक्सी मिळत नाही, कारण दिवसाची कमाई लवकर झाली की ड्रायव्हर घरी पळतात, असं अर्थतज्ज्ञसुद्धा मानायचे. हेन्री फार्बर या अर्थतज्ज्ञांनी 2009 ते 2013 च्या फेऱ्या तपासून दाखवलं की तसं नाही. पावसात टॅक्सी कमी होतात हे खरं, पण ड्रायव्हरची तासाची कमाई त्या वेळी वाढतच नाही, मग दिवसाची कमाई लवकर कशी होणार? डेटा नसता तर आपण अजून ड्रायव्हरलाच आळशी म्हणत बसलो असतो.

रात्रपाळी: ड्रायव्हरचा विषय काढलाच आहे तर ऐका. सासरे कित्येक वर्षं गॅरेजची टॅक्सी भाड्याने घेऊन रात्री चालवायचे. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाळी बदलते. दिवसवाला गाडी आणून देईपर्यंत हे गॅरेजच्या दारात उभे, आणि भाड्याचं मीटर मात्र डोक्यात सुरू. लोक ओरडतात, ऐन गर्दीच्या वेळी टॅक्सी नाही! बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत गर्दीची वेळ दोघांना वाटून मिळावी म्हणून तो बदल पाचला आहे. आणि मेडॅलियनचं, म्हणजे टॅक्सीच्या परवान्याचं, कर्ज? 2014 च्या सुमारास एकेका परवान्याला दहा लाख डॉलर, मग भाव कोसळला. 2018 मध्ये ड्रायव्हरांनी आत्महत्या केल्या, 2021 मध्ये सिटी हॉलपुढे उपोषण झालं. कर्जाचा रकाना दाखवा बरं तुमच्या डेटात.

आकडेमोड: हे विषयांतर आहे. टॅक्सीच्या फेऱ्यांकडे कर्जाचा हिशोब मागू नका.

रात्रपाळी: विषयांतर? ज्याच्या हातात स्टीअरिंग, तो विषयाबाहेर?

खिडकीजवळ: भांडण नको, पण ड्रायव्हर त्या डेटात होता, नको तितका होता. 2014 मध्ये आदल्या वर्षाच्या सतरा कोटींहून जास्त फेऱ्या बाहेर आल्या. टॅक्सीचे क्रमांक झाकले होते, पण शक्य क्रमांकच इतके मोजके की एका प्रोग्रामरने काही तासांत सगळे उलगडले. कोणता ड्रायव्हर कुठे होता, वर्षाला किती कमावतो, सगळं उघडं. टॅक्सीत बसणाऱ्या नटनट्यांचे फोटो जुळवून लोकांनी त्यांची टिपही शोधली. 2016 पासून नेमक्या जागेऐवजी विभाग देतात, ते बरंच झालं.

आकडेमोड: बरं कसलं? कोणत्या चौकात बस हवी ते आता त्यातून कळत नाही.

रात्रपाळी: तुमच्या चौकासाठी माझ्या सासऱ्यांची कमाई चव्हाट्यावर नको.

आकडेमोड: क्रमांक काढून टाका, माझी हरकत नाही. जागा मात्र हवी होती. आणि क्वीन्सवाली, 2019 पासून उबर-लिफ्टच्या फेऱ्याही तपशिलात येतात. त्यात तुमचं क्वीन्स रात्रीही जागं सापडेल. लेखात ‘पिवळ्या टॅक्सीपुरतं’ एवढे शब्द घालतो. बाकी एक ओळ मागे घेणार नाही.

क्वीन्सवाली: ते शब्द शीर्षकात घाला. आणि टिपेची ओळ आजच काढा, लोक ती इकडेतिकडे पाठवायला लागलेत.